आडवाट, भाग 7 : गाडीचं नाक खालून जपा

मागच्या भागात टायरमधली हवा पाहिली. आता टायरच्या पुढे काय असतं आणि ते कसं सांभाळायचं, ते पाहू.

भाद्रपदातली गोष्ट. वेल्ह्याहून केळदकडे जाताना डांबरी सोडून एका कच्च्या वाटेला लागलो होतो. गवत कमरेएवढं वाढलेलं. माझ्या जुन्या जीपला तेव्हा पुढे जाड पाइपचा चकचकीत गार्ड होता आणि त्याच्या भरवशावर मी निर्धास्त होतो. गवतात वीतभराहून थोडा उंच काळा दगड दडला होता. तो गार्डच्या खालून सरळ आत शिरला. आवाज फारसा झाला नाही, नुसतं ‘टक्’. थोडं पुढे गेल्यावर ऑईलचा लाल दिवा लागला. वाकून पाहिलं तर चेंबरला बोटभर चीर पडलेली आणि ऑईलची धार गवतावर. गार्डवर मात्र साधा ओरखडाही नव्हता.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं: सह्याद्रीत गाडीच्या नाकाला धोका असतो तो समोरून नव्हे, खालून.

गार्ड आला ऑस्ट्रेलियातून. तिथे रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर कांगारू आडवा आला आणि रेडिएटर फुटला, तर शेकडो किलोमीटर मदत मिळत नाही. ती गरज खरी आहे, आणि तिथले चांगले उत्पादक त्या त्या मॉडेलच्या एअरबॅगशी जुळतील असेच गार्ड बनवतात. आपल्याकडे मात्र कोपऱ्यावरच्या वेल्डरने चार पाइप वाकवले की गार्ड तयार, आणि तो थेट चासीला बोल्टने आवळलेला. गाडीचा पुढचा भाग चुरगळावा असाच घडवलेला असतो, म्हणजे धक्का माणसापर्यंत पोचण्याआधी पत्र्यात जिरतो. गाडीचा वेग किती झपाट्याने तुटतोय, हे पाहून एअरबॅग उघडायची की नाही ते ठरतं. गार्डमुळे हे सगळं गणित बिघडतं. पादचाऱ्याच्या तर तो थेट हाडावर बसतो. म्हणूनच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना या गार्डवर कारवाई करायला सांगितलं. विनापरवाना फेरबदल केल्यास मोटार वाहन कायद्यात प्रत्येक फेरबदलामागे 5000 रुपये दंडाची तरतूद आहे. माझं सांगणं दंडाच्या भीतीपोटी नाही. ही वस्तू आपल्या वाटांवर निरुपयोगी आहे आणि रस्त्यावर घातक आहे.

नाकाचा पहिला बचाव गाडीच्या घडणीतच असतो. पुढच्या टायरचा तळ आणि बंपरची खालची कड यांना जोडणारी रेघ जमिनीशी जो कोन करते, तो ‘अ‍ॅप्रोच अँगल’. थारचा साधारण 41 अंश, गुरख्याचा 39, जिम्नीचा 36. शहरी एसयूव्ही बऱ्याचदा पंचविशीच्या आतच अडते. त्यामुळे ओढ्याचा काठ चढताना थारचं चाक आधी टेकतं, शहरी गाडीचा बंपर आधी टेकतो. खाली पाइप लोंबणारा गार्ड लावला की हा कोन आपण आपल्याच हाताने कमी करतो. वर 30-40 किलोचं ओझं नाकावर येऊन पुढची स्प्रिंग दबते ती वेगळीच.

पैसे खर्चायचेच असतील तर स्किड प्लेटवर खर्चा. चेंबर, रेडिएटरची खालची टाकी आणि स्टिअरिंगचे दांडे यांच्याखाली बसणारी ही जाड पाटी. कंपनीच्या कातळी रंगाच्या प्लास्टिक आवरणाला स्किड प्लेट समजू नका, ते फक्त चिखल अडवतं. पोलादी पाटी जड असते, पण दगडावरून सरकते. अ‍ॅल्युमिनियमची हलकी असते, पण दगड तिला चावतो आणि गाडी अडकते. आपल्या काळ्या पाषाणासाठी मी पोलादीच निवडतो. ती चासीवर बसलेली असावी. पाटी आणि चेंबर यांच्यात दोन बोटं तरी जागा हवी, नाहीतर वाकलेली पाटीच चेंबर फोडते. बोल्टची डोकी खाचेत बुडालेली हवीत. बाहेर आलेलं डोकं दगडावर घासून गुळगुळीत होतं आणि मग त्याला पाना लागत नाही. ऑईल सोडायला खिडकी आणि पाणी निथळायला भोकं हवीत. कोकणातली तांबडी माती पाटीवर थापून वाळली की आतून गंज धरतो, म्हणून पावसाळ्यात पाटी महिन्यातून एकदा उतरवून धुवा.

पाटी असली तरी दगड दोन चाकांच्या मधे घेऊ नका. चाकच त्यावर हळू चढवा. शंका आली तर एकाने उतरून पुढे चालावं आणि हाताने वाट दाखवावी.

पाण्यात शिरताना रेडिएटरची काळजी वेगळी. जुन्या गाड्यांत पट्ट्यावर फिरणारा पंखा पाण्यात बुडाला की त्याची पाती पुढे ओढली जाऊन रेडिएटरला लागू शकतात. नाकावर ताडपत्री बांधून संथ, एकसारख्या वेगाने जावं.

शेवटचं, आणि सगळ्यात गंभीर. रुतलेली गाडी ओढायचा पट्टा बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला कधीही अडकवू नका. ताणात तो गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो आणि माणूस मरतो. पट्टा फक्त चासीला पक्क्या बसवलेल्या हुकाला लावा, पट्ट्यावर ओलं गोणपाट टाका आणि बघ्यांना लांब उभं करा.

पुढच्या आडवाटेला निघण्याआधी गाडीखाली एकदा आडवे व्हा, टॉर्च मारा आणि हुकाचे बोल्ट स्वतः पान्याने तपासा.