फ्लामेंको नृत्यातील क्विअर आविष्कार

फ्लामेंको या स्पॅनिश गायन-वादन-नृत्यप्रकारातील स्त्रीनृत्य आणि पुरुषनृत्य यांची रूढ विभागणी ओलांडून त्याच परंपरेची नव्याने मांडणी करणाऱ्या समलिंगी, पारलिंगी व तत्सम कलावंतांची प्रवृत्ती. ‘क्विअर’ हा मूळचा हेटाळणीवाचक इंग्रजी शब्द विसाव्या शतकाच्या अखेरीस अशा व्यक्तींनी स्वतःच आत्मसन्मानाने स्वीकारला व पुढे तो स्पेनमधील कलाविचारातही रूढ झाला. ही प्रवृत्ती एकविसाव्या शतकात विशेष ठळक झाली असली, तरी तिची पूर्वचिन्हे फ्लामेंकोच्या व्यावसायिक रंगमंचाच्या आरंभकाळापासून आढळतात.

रूढ संकेत : फ्लामेंकोची जडणघडण दक्षिण स्पेनमधील अँडलुसिया प्रदेशात झाली. तेथील लोकसंगीत आणि हितानो (स्पेनमधील रोमा) जमातीची कला यांचा तीत मोठा वाटा आहे. रोमा लोकांचे पूर्वज वायव्य भारतातून पश्चिमेकडे गेले व पंधराव्या शतकात स्पेनमध्ये पोहोचले. ‘कांते’ (गायन), ‘तोके’ (गिटारवादन) आणि ‘बाइले’ (नृत्य) ही फ्लामेंकोची तीन अंगे असून टाळ्यांची साथ व ‘कोंपास’ म्हणजे आवर्तनबद्ध लय यांनी ती एकत्र बांधली जातात.

यांपैकी नृत्यात स्त्री व पुरुष यांच्यासाठी वेगवेगळे संकेत रूढ झाले. ताठ धड, स्थिर कंबर, आखडते हातवारे आणि जोरकस पदाघात हे पुरुषनृत्याचे गुण मानले गेले. बाहूंची वळणे, मनगट व बोटे यांची नाजूक फिरत, कंबरेची लचक आणि पंखा किंवा रेशमी शाल यांचा वापर स्त्रीनृत्याकडे आला. ‘बाता दे कोला’ हा मागे लांब झालरदार शेपटा असलेला पोशाख हे स्त्रीनृत्याचे सर्वांत अवघड साधन होय. गिरकी घेताना हा वजनदार शेपटा पायाने उचलून फेकावा लागतो व तो पायांत न अडकू देता लय सांभाळावी लागते. या कौशल्यासाठी दीर्घ तालीम आवश्यक असते.

संकेतांचा इतिहास : ही विभागणी अनादी असल्याचा समज प्रचलित असला, तरी इतिहास त्याला फारसा दुजोरा देत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘काफे कांतांते’ या गायन-नृत्याच्या उपाहारगृहांतून फ्लामेंकोला धंदेवाईक स्वरूप आले. त्याच काळात मालागाची त्रिनिदाद उएर्तास ऊर्फ ‘ला कुएंका’ ही नर्तकी बैलझुंजीतील मल्लाचा पुरुषी वेश करून नृत्य करीत असे व ती गिटारवादनातही निपुण होती. पुढे कार्मेन आमाया (मृत्यू १९६३) हिने विजार परिधान करून केलेल्या वेगवान पदाघातांनी युरोप-अमेरिकेतील प्रेक्षकांना थक्क केले. पदाघात हे पुरुषाचे क्षेत्र असल्याचा समज तिच्यामुळे बराच मागे पडला.

याउलट नर्तक व्हिसेंते एस्कुदेरो (सु. १८८८–१९८०) याने १९५१ मध्ये पुरुषनृत्याची एक दशसूत्री जाहीर केली. नर्तकाने पुरुषासारखेच नाचावे, हे तिचे पहिले सूत्र होते. कंबर स्थिर ठेवणे व बोटे जुळवून ठेवणे यांसारखे नियमही तीत होते. जे नियम आज प्राचीन परंपरा म्हणून सांगितले जातात, त्यांतील काहींना असे सूत्ररूप विसाव्या शतकाच्या मध्यास आले, ही गोष्ट या संदर्भात महत्त्वाची ठरते.

दडपणाचा काळ : फ्लामेंकोच्या जगात समलिंगी कलावंत सतत होते, मात्र त्यांना उघडपणे वावरता येत नव्हते. कवी फेदेरीको गार्सीआ लोर्का (१८९८–१९३६) याने संगीतकार मान्वेल दे फाया व इतरांच्या सहकार्याने १९२२ मध्ये ग्रानाडा येथे ‘कांते होंदो’ या गंभीर गायनप्रकाराची स्पर्धा भरविली व त्याला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली. १९३६ मध्ये यादवी युद्धाच्या प्रारंभी त्याची हत्या झाली. त्याची प्रेमविषयक सुनीते मात्र १९८३-८४ मध्ये प्रथम प्रकाशात आली. फ्लामेंकोला जवळच्या ‘कोप्ला’ या गीतप्रकारातील लोकप्रिय गायक मिगेल दे मोलिना (१९०८–९३) याला समलिंगी व प्रजासत्ताकवादी म्हणून यादवी युद्धानंतर बेदम मारहाण झाली. १९४२ मध्ये त्याला अर्जेंटिनात आश्रय घ्यावा लागला.

फ्रँकोच्या राजवटीने (१९३९–७५) पर्यटनवृद्धीसाठी फ्लामेंकोचा भरपूर उपयोग केला. त्याच राजवटीने उनाडविरोधी कायद्याच्या कक्षेत १९५४ मध्ये समलिंगी व्यक्तींचा समावेश केला आणि १९७० मध्ये ‘सामाजिक धोकादायकपणा’चा नवा कायदा आणला. ज्या कलेची जगापुढे राष्ट्रीय प्रतीक म्हणून मांडणी होत होती, तिच्याच काही साधकांना कारावासाचे भय होते. समलिंगी वर्तनाचा उल्लेख कायद्यातून १९७८-७९ मध्ये वगळण्यात आला व २००५ मध्ये समलिंगी विवाहास मान्यता मिळाली. संक्रमणाच्या या काळात सेव्हिल प्रांतातील चित्रकार होसे पेरेस ओकान्या (१९४७–८३) हा बार्सेलोनाच्या रस्त्यांवर अँडलुसियन स्त्रीवेशात, भक्तिगीते व यात्रोत्सवांचे विधी यांना स्वतःचे रूप देत वावरत असे. व्हेंतुरा पोन्स याने १९७८ मध्ये त्याच्यावर अनुबोधपट काढला.

समकालीन आविष्कार : ग्रानाडाचा नर्तक मान्वेल लिन्यान (जन्म १९८०) हा या प्रवृत्तीचा प्रमुख प्रतिनिधी होय. लहानपणी तो खोलीचे दार लावून आईचा परकर नेसून नाचत असे. २०१७ मध्ये त्याला स्पेनचा राष्ट्रीय नृत्य पुरस्कार मिळाला. ‘व्हिव्हा!’ (२०१९) या त्याच्या नृत्यप्रयोगात त्याच्यासह सात पुरुष नर्तक बाता दे कोला, शाल व केशभूषा यांसह स्त्रीनृत्याचा संपूर्ण साज चढवितात. स्त्रीवेशधारी नकलाकार स्पेनच्या हलक्याफुलक्या रंगभूमीला पूर्वीपासून परिचित होते. परंतु त्यांच्या खेळात विडंबनाला बराच वाव असे. लिन्यानच्या प्रयोगात विनोद असला, तरी हेतू विडंबनाचा नाही. स्त्रीनृत्याचे तंत्र पुरुषदेहानेही तितक्याच निष्ठेने व कसोटीला उतरेल अशा रीतीने आत्मसात करावे, हा त्याचा आग्रह आहे.

मालागाची रोसीओ मोलिना (जन्म १९८४) हिला २०१० मध्ये राष्ट्रीय नृत्य पुरस्कार आणि २०२२ मध्ये व्हेनिस बिएनालेचा रौप्य सिंह मिळाला. ‘ग्रितो पेलाओ’ (२०१८) या प्रयोगात तिने पुरुष जोडीदाराविना मातृत्व स्वीकारू पाहणाऱ्या समलिंगी स्त्रीचा अनुभव मांडला. स्वतःच्या गर्भारपणातच तिने हे प्रयोग केले व तिची आईही त्यांत रंगमंचावर होती. या क्षेत्राच्या अभ्यासालाही चालना मिळाली असून नर्तक व तत्त्वचिंतक फेर्नांदो लोपेस रोद्रीगेस याने २०२० मध्ये फ्लामेंकोचा क्विअर इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

मूल्यमापन : यूनेस्कोने २०१० मध्ये फ्लामेंकोचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. या वारशात नेमके काय जपावयाचे, हा यापुढील वादाचा मुद्दा आहे. स्त्रीनृत्य व पुरुषनृत्य यांतील भेद पुसला गेल्यास फ्लामेंकोचा बाज हरवेल, असे परंपरावाद्यांचे म्हणणे आहे. या आक्षेपात तथ्यांश असा, की दोन शैलींच्या विरोधातून फ्लामेंकोला बरेच नाट्य लाभते. तथापि उपरोक्त कलावंत या शैली मोडीत काढीत नाहीत. कोंपास, पदाघात आणि शेपट्याची फिरत यांचे कठोर नियम ते पाळतात. शैली ही शिकून अंगी बाणविण्याची विद्या आहे, जन्मजात लिंगाचे लक्षण नव्हे, एवढेच ते दाखवून देतात. ज्यांना पूर्वी बंद दाराआड नाचावे लागले, त्यांनी परंपरेवरील आपला हक्क तिच्यात प्रावीण्य मिळवून सिद्ध केला, यात या प्रवृत्तीचे ऐतिहासिक महत्त्व आहे.