बोलायचं इंग्रजी आणि लिहायचं इंग्रजी



भोसरी-आकुर्डीपासून चाकणपर्यंत चौकाचौकात 'स्पोकन इंग्लिश'च्या पाट्या दिसतात. आयटीआय, डिप्लोमा झालेली मुलं इंटरव्ह्यूच्या तयारीसाठी तिथे जातात, आणि पालक आता पाचवी-सहावीच्या मुलांनाही पाठवू लागले आहेत. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "मार्क चांगले पडतात, टेन्स पाठ आहेत, मग बोलायलाच का अडतं?" याचं एक मोठं कारण म्हणजे शाळेत आपण शिकवतो ते व्याकरण बहुतेक लिहिण्याचं असतं. बोलण्याचे काही नियम वेगळे आहेत, ते आपण कधी सांगतच नाही.

मराठीत हा फरक आपल्या अंगवळणी पडलेला आहे. आपण 'असं केलं' म्हणतो आणि अर्जात 'असे केले' लिहितो. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या लेखननियमांनीही दोन्ही रूपांना जागा दिली आहे. इंग्रजीचंही तसंच आहे.

एमआयडीसीतलं उदाहरण घेऊ. शिफ्ट बदलताना एक ऑपरेटर दुसऱ्याला सांगतो, "इट्स द बेअरिंग. चेंज्ड इट. रनिंग फाइन नाऊ." लॉगबुकमध्ये हेच असं येतं : "द मशीन स्टॉप्ड ड्यू टू बेअरिंग फेल्युअर. द बेअरिंग वॉज रिप्लेस्ड." बोलताना दोघं मशीनसमोरच उभे आहेत, म्हणून 'आय' आणि 'इट इज' गाळले तरी चालतं. लॉगबुक दोन दिवसांनी मेंटेनन्सचा माणूस वाचणार, कदाचित ऑडिटरही वाचेल. त्याला समोर काही दिसत नाही, म्हणून सगळं लिहावं लागतं. बेअरिंग कोणी बदललं यापेक्षा ते बदललं हे महत्त्वाचं, म्हणून तिथे कर्मणी प्रयोग. 1999 साली डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांचं लाँगमनचं मोठं व्याकरण आलं. सुमारे चार कोटी शब्दांचा बोली आणि लेखी मजकूर तपासून ते लिहिलं आहे. त्यात शास्त्रीय लेखनातली सुमारे 25 टक्के क्रियापदं कर्मणी प्रयोगात आढळली, तर गप्पांमध्ये जेमतेम 2 टक्के. आपण मात्र 'व्हॉइस बदला' हा प्रश्न मुलांकडून शंभरदा सोडवून घेतो आणि तो प्रयोग लागतो कुठे, हे सांगत नाही!

बोलताना इंग्रज माणूसही "दॅट ऑपरेटर, ही इज ऑन लीव्ह" असं सहज म्हणतो. आपण नाही का म्हणत, "तो ऑपरेटर ना, तो रजेवर आहे"? लिहिताना तो 'ही' गळतो. "देअर्स टू पीसेस लेफ्ट" हेही बोलण्यात सर्रास ऐकू येतं, लिहिताना 'देअर आर' हवं.

पण बोली म्हणजे काहीही चालतं असं नाही. "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स" हे प्रमाण इंग्रजीत बोलतानाही बसत नाही आणि लिहितानाही नाही. "यू आर फ्रॉम चाकण, इझंट इट?" हे आपल्या 'ना?'वरून आलेलं आहे. मराठीत एकच 'ना' सगळीकडे चालतो, तर प्रमाण इंग्रजीत शेपूट वाक्यानुसार बदलतं, इथे 'आरन्ट यू?'.

नुकसान दोन्हीकडून होतं. "व्हेअर डू यू स्टे?" या प्रश्नाला "इन मोशी" हे पुरेसं आणि बरोबर उत्तर आहे. पण 'पूर्ण वाक्यात उत्तर द्या' ही आपलीच सवय मुलाच्या डोक्यात पक्की बसलेली असते. तो वाक्य जुळवत बसतो, आणि समोरच्याला वाटतं याला प्रश्नच कळला नाही. उलट क्लासमध्ये बोलायला तरबेज झालेलं मूल रजेच्या अर्जात 'गॉना' आणि 'वॉना' लिहून येतं. माझ्या मते पहिलं नुकसान जास्त मोठं, कारण अर्ज खोडून परत लिहिता येतो.

वर्गात एक तास असा घ्या. बाबांच्या किंवा आईच्या शिफ्टमध्ये आज काय झालं ते मुलाने इंग्रजीत मित्राला सांगायचं, तुटक वाक्यं चालतील. मित्राने तेच लॉगबुकासारखं लिहायचं. मग दोन्ही फळ्यावर शेजारी-शेजारी मांडा आणि काय गळलं, काय वाढलं ते मुलांनाच शोधू द्या. लाल पेन त्या तासाला बाजूला ठेवा.