वाळूतले जिवाणू आणि पिण्याचे पाणी



बेण्याला लावायला ॲझोटोबॅक्टर आपण पैसे मोजून आणतो. पिण्याच्या पाण्याचा विषय निघाला की मात्र जिवाणू म्हणजे रोगराई, असेच धरून चालतो. नदी-कालव्याचे पाणी पिणाऱ्या गावांनी मंद गतीची वाळूची गाळणी समजून घेतली पाहिजे, कारण तिथे पाणी शुद्ध करतात ते जिवाणूच.

रचना साधी आहे. टाकीत खाली खडी, वर सुमारे मीटरभर बारीक वाळू आणि तिच्यावर पाणी. पाणी तासाला १० ते २० सेंटिमीटर एवढेच उतरू द्यायचे. १० चौरस मीटरची टाकी १० सेंटिमीटरच्या वेगाने दिवसाला २४,००० लिटर पाणी देते. दोन-तीन आठवड्यांत वाळूवर बुळबुळीत साय धरते. ती दिसायला घाण, पण गाळणीचा जीव तिच्यातच! तिच्यातले जिवाणू पाण्यातली घाण खातात, रोगजंतू तिथे अडकतात आणि दुसरे सूक्ष्म जीव त्यांना फस्त करतात.

जर्मनीत १८९२ साली हॅम्बुर्ग शहर एल्बे नदीचे पाणी न गाळता पीत होते. कॉलऱ्याने तिथे आठ हजारांवर माणसे दगावली. शेजारचे आल्टोना त्याच नदीचे, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचे पाणी घेई, पण वाळूतून गाळून. ते बरेचसे बचावले. पुढे कडक थंडीत गाळणीचे काम बिघडले आणि आल्टोनातही कॉलऱ्याचे रोगी निघाले.

आपल्याकडे बर्फ नाही, तरी थंडीत जिवाणू मंदावतात. तेव्हा पाण्याचा वेग कमीच ठेवावा. खरी परीक्षा पावसाळ्यात. गढूळ पाणी सरळ वाळूवर सोडले तर साय चार दिवसांत गुदमरते. म्हणून आधी गाळ बसवायची टाकी किंवा खडीची गाळणी हवीच. उन्हाळ्यात आवर्तन बंद, वरून भारनियमन. पाणी थांबले की वाळूतला प्राणवायू संपतो, जिवाणू मरतात आणि पाण्याला वास मारतो. थोडी धार तरी चालू ठेवावी, वाळू कधी उघडी पडू देऊ नये. जनावराला चार दिवस उपाशी ठेवून पाचव्या दिवशी दुधाची अपेक्षा कोण करतो?

पाणी उतरेनासे झाले की वरची एक-दोन सेंटिमीटर वाळूच खरडायची. सगळी वाळू उपसून धुवायचा उत्साह नको. खरडल्यावर नवी साय धरेपर्यंतचे पाणी पिण्यास सोडू नये. टीसीएल पावडर गाळणीच्या आधी टाकली तर जिवाणूच मरतात. ती नेहमी नंतर, आणि गाळणी असली तरी टाकायचीच.

एक गोष्ट मात्र या जिवाणूंच्या हातची नाही. पाण्यात विरघळलेले क्षार आणि नायट्रेट या गाळणीने जात नाहीत. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली तर बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या मुलांना धोका असतो. आणि हे नायट्रेट विहिरीत बऱ्याचदा आपल्याच उसाच्या युरियातून उतरते. युरिया एकदम फेकून वर भरपूर पाणी देण्याऐवजी हप्त्याहप्त्याने, मातीत झाकून द्यावा.

गावात नवी योजना होणार असेल तर गाळणीच्या टाक्या दोन धरल्यात का, ते ग्रामसभेत विचारा. एकच असली तर ती खरडल्यानंतरच्या दिवसांत गावाने कुठले पाणी प्यायचे, याचे उत्तर तिथेच मागा.

– ऊस विकास अधिकारी