शनिवारी भेट, रविवारी पोटदुखी

आईवडील वेगळे झाले आणि मूल आईकडे राहिले, की न्यायालय बहुधा वडिलांना ठराविक दिवशी भेटीची मुभा देते. (काही घरांत मूल वडिलांकडे असते आणि भेटायला आई येते. पुढील मजकूर तिलाही लागू आहे.) भेटीच्या आदल्या रात्री मुलाचे पोट दुखू लागते. परत आल्यावर ते जेवत नाही, चिडचिड करते, केव्हाच सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा दिसते. आजी म्हणते, "तिकडे काहीतरी झालंच असणार, भेट बंद करा." मग दवाखान्यात मागणी होते ती औषधाची नव्हे, दाखल्याची: मुलाला भेट मानवत नाही, असे लिहून द्या.

असा दाखला घाईने मागू नये आणि डॉक्टरांनी देऊही नये. मुलाची पोटदुखी खोटी नसते. मनावर ताण आला की आतड्यांची हालचाल बदलते, भूक मरते, झोप उडते. आधी जंत, बद्धकोष्ठता, लघवीतील जंतुसंसर्ग तपासून घ्यावा. अंथरूण ओले होण्याबरोबर तहान फार वाढली असेल, वजन घटत असेल तर रक्तातील साखर त्याच दिवशी पाहावी.

हे सगळे ठीक निघाले, तर ताण कशाचा? पुष्कळदा तो भेटणाऱ्या माणसाचा नसून एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याचा, पुन्हा निरोप घेण्याचा असतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला वाटते की आपल्यामुळेच भांडण झाले. प्रत्येक भेटीत ते मनाशी म्हणते, आज बाबा परत येतील. ते येत नाहीत, म्हणून संध्याकाळी रडते. शिवाय आईचा चेहरा ते बरोबर वाचते. बाबांकडे मजा आली असे सांगितले तर आईला वाईट वाटेल, म्हणून गप्प बसते. परतल्याबरोबर "काय खाल्लंस? कोण होतं तिथे?" अशी उलटतपासणी करू नये. "बाबांना सांग, फी भरायची राहिली आहे" असा निरोपही मुलाच्या तोंडी देऊ नये. पोटगी थकली हा वेगळा अर्ज आहे, त्यासाठी भेट अडवणे योग्य नाही.

आता दुसरी बाजू. नवे कपडे घालून, पिशवी घेऊन मूल दारात बसते आणि वडील येतच नाहीत. माझ्या मते याने होणारी इजा भेटीनंतरच्या रडण्यापेक्षा मोठी आहे. जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करून मुलाशी स्वतः बोलावे.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला पंधरा दिवस फार मोठे वाटतात. त्याला दोन तासांच्या, पण वरचेवर होणाऱ्या भेटी मानवतात. तेरा-चौदाव्या वर्षी क्लास, मित्र, सामने असतात. तेव्हा वार ठरवताना मुलालाही विचारावे.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 नुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे राहतो. मात्र सर्वांत वर मुलाचे हित. आईवडील दोघांचेही प्रेम मिळणे हा मुलाचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये एका निकालात म्हटले. ज्या पालकाकडे ताबा नाही, त्याला फोनवर, व्हिडिओ कॉलवर बोलता यावे, असेही त्यात आहे.

मात्र अंगावर वळ दिसले, गुप्तांगाजवळ दुखते असे मूल म्हणाले, एकाच व्यक्तीचे नाव काढताच थरथरू लागले, किंवा भेटणारा पालक दारू पिऊन येत असेल, तर थांबू नये. मुलाला लगेच डॉक्टरांना दाखवावे, 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे आणि वकिलामार्फत तातडीने न्यायालयात जावे. भेट तिसऱ्या व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी, असा आदेशही मागता येतो.

दमा किंवा फिट्स असलेल्या मुलाचे औषध, मात्रा आणि वेळ कागदावर लिहून पिशवीत द्यावी. दम्याचा पंप दोन्ही घरांत एकेक असावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया आणि मुलांना तेथे उत्पन्नाची अट नाही.