पीतज्वराची लस : गर्भावस्थेतील सुरक्षितता

पीतज्वर हा आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांच्या उष्ण प्रदेशांत ईडिस ईजिप्ताय व इतर काही डासांमार्फत पसरणारा व्हायरसजन्य रोग होय. त्यावरील ‘१७ डी’ लस माक्स टायलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये न्यूयॉर्क येथे सिद्ध केली. तीत क्षीण केलेला परंतु जिवंत व्हायरस असतो व टोचल्यानंतर तो काही दिवस रक्तात आढळू शकतो. वारेतून तो गर्भापर्यंत पोहोचण्याची शक्यता असल्याने ही लस गर्भिणींना सामान्यतः देत नाहीत.

याच कारणास्तव गर्भिणींवर लसीची हेतुपुरस्सर चाचणी करणे अनुचित मानतात. उपलब्ध माहिती मुख्यतः साथीत व सामूहिक लसीकरणात लस टोचल्या गेलेल्या गर्भिणींच्या निरीक्षणांतून मिळाली आहे. नायजेरियात १९८६ च्या साथीत लस दिलेल्या १०१ गर्भिणींच्या अपत्यांत लसीमुळे झालेला अपाय आढळला नाही, मात्र ३८.६ टक्के स्त्रियांतच प्रतिपिंडे निर्माण झाली. त्यांपैकी बहुतेकींना अखेरच्या तिमाहीत लस दिलेली होती. ब्राझीलमधील कांपीनास येथे २००० मध्ये ४८० स्त्रियांना गर्भधारणेच्या आरंभीच्या काळात अनवधानाने लस दिली गेली. तेथे तपासलेल्या ९८.२ टक्के स्त्रियांत प्रतिपिंडे आढळली व जन्मजात विकृतींचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येइतकेच दिसले. त्रिनिदादमध्ये तपासलेल्या ४१ अर्भकांपैकी एकात गर्भावस्थेतील संसर्गाचा पुरावा मिळाला. ते अर्भक निरोगी होते.

या निष्कर्षांना मर्यादा आहेत. स्त्रियांची संख्या अल्प असल्यास विरळा अपाय नजरेतून सुटू शकतो. तसेच नोंदणीपूर्वीच झालेले गर्भपात गणनेत येत नाहीत व त्यामुळे धोका प्रत्यक्षाहून कमी भासतो. प्रसूतीनंतरही सावधगिरी आवश्यक असते : ब्राझीलमध्ये २००९ साली, लस घेतलेल्या मातेच्या स्तन्यपानातून व्हायरस संक्रामित होऊन एका नवजात अर्भकास मस्तिष्कशोथ झाला.

लस न देणे हाही निर्धोक पर्याय नव्हे. कारण तीव्र पीतज्वर मातेस प्राणघातक ठरू शकतो. म्हणून साथीत किंवा रोगग्रस्त प्रदेशातील प्रवास अटळ असल्यास रोगाचा संभव व लसीचा धोका यांची तुलना करून वैद्य निर्णय घेतात. उत्तर गर्भावस्थेत लस दिल्यास पुरेशी प्रतिरक्षा निर्माण झाली असे गृहीत न धरता प्रतिपिंडांची तपासणी करणे श्रेयस्कर असते. केवळ सीमेवरील नियमापुरती लस हवी असल्यास वैद्यकीय सूट-प्रमाणपत्र घेता येते.