घरच्या राज्यात की बाहेर?

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांना राज्याच्या करांतून पैसा मिळतो, म्हणून त्या राज्यातल्या मुलांना फी कमी. कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२४-२५ मध्ये पदवीसाठी दाखल झालेल्या परराज्यातल्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर वर्षाला ३४,२०० डॉलर जादा पडतात. चार वर्षांचे झाले १,३६,८००. ‘वर्षभर तिथे राहिलं की रहिवासी होऊच’ या भरवशावर कर्ज काढू नका. आईवडील कॅलिफोर्नियाबाहेर असतील, तर चोविशीच्या आतल्या अविवाहित मुलाला आर्थिक स्वावलंबनही सिद्ध करावं लागतं. प्रवेश मिळाल्याचे पेढे वाटण्याआधी विद्यापीठाचं आर्थिक मदतपत्र हातात घ्या आणि त्यातल्या कर्जाच्या ओळीवर पेन्सिलीने काट मारा. उरते ती खरी मदत. पश्चिमेकडच्या राज्यांच्या सवलत योजनेत फी स्थानिकांच्या दीडपटीवर जात नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कली संकुल मात्र त्यात नाही.