रांगणेकरांच्या तेहतीस धावा

ठाण्यात दादोजी कोंडदेव क्रीडांगणाजवळ खंडू रांगणेकर बॅडमिंटन हॉल आहे. तिथे रोज घाम गाळणाऱ्या पोरांना हे रांगणेकर कोण असे विचारले, तर बहुतेकांना सांगता येणार नाही. क्रिकेटच्या आकडेवारीत जाऊन बघणाऱ्याचीही निराशाच होईल: कसोट्या तीन, धावा तेहतीस, सरासरी साडेपाच. या तीन आकड्यांवरून खंडेराव मोरेश्वर रांगणेकरांना निकालात काढणे मला पटत नाही.

जन्म मुंबईचा, 27 जून 1917चा. डावखुरा, शैलीदार आणि वेगाने धावा जमवणारा फलंदाज, शिवाय क्षेत्ररक्षणात वाघ. त्यांच्या तरुणपणी भारत कसोटी क्रिकेटच खेळत नव्हता. 1936च्या ऑगस्टमधल्या ओव्हलनंतर पुढची कसोटी झाली ती थेट जून 1946मध्ये, लॉर्ड्सवर. मधल्या दहा वर्षांत महायुद्ध होऊन गेले, आणि रांगणेकर एकोणिसाचे एकोणतीस झाले. फलंदाजाची उमेदीची वर्षे हीच. रणजी मात्र युद्धातही थांबली नाही. महाराष्ट्र, मुंबई आणि पुढे होळकर अशा तीन संघांकडून ते खेळले. प्रथम श्रेणीत साडेचार हजारांवर धावा, पंधरा शतके, चाळिशीपार सरासरी आणि 217 ही सर्वोच्च खेळी. त्या काळच्या खेळपट्ट्या गोलंदाजांचे हाल करणाऱ्या होत्या हे मान्य, पण त्याच खेळपट्ट्यांवर बाकीच्यांनाही खेळायचे होतेच.

1946च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांचे नाव नव्हते. संधी मिळाली ती 1947-48च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात, वयाच्या तिशीत. स्वतंत्र भारताचा हा पहिला परदेश दौरा. विजय मर्चंट, रुसी मोदी, मुश्ताक अली या तिघांनीही माघार घेतलेली, फाळणीनंतर फझल महमूद पाकिस्तानात राहिलेले. लाला अमरनाथांच्या हाती उरलेला संघ अर्धामुर्धाच होता, आणि समोर ब्रॅडमन.

28 नोव्हेंबरला ब्रिस्बेनला पहिली कसोटी सुरू झाली. रांगणेकरांचीही पहिलीच. ब्रॅडमनने 185 काढले, ऑस्ट्रेलियाने 8 बाद 382वर डाव सोडला. मग पाऊस. खेळपट्ट्या झाकायची पद्धत तेव्हा नव्हती. भिजून उन्हात वाळू लागलेल्या त्या खेळपट्टीवर चेंडू कधी नाकाशी उसळे, तर कधी घोट्याशी राही. डावखुऱ्या अर्नी टोशॅकने पहिल्या डावात अवघ्या दोन धावांत पाच बळी घेतले, दुसऱ्यात 29 धावांत सहा. भारत 58 आणि 98. ब्रेबॉर्नच्या पाटा विकेटवर हयात गेलेल्या फलंदाजाला परदेशातला पहिला धडा असा मिळावा, हे दुर्दैवच. त्यानंतरच्या दोन कसोट्यांतही सूर सापडला नाही, एका डावातल्या सर्वाधिक धावा अठरा. सारा दोष पावसावर ढकलणे मात्र बरोबर नाही. त्याच दौऱ्यात अॅडलेडला विजय हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली, आणि दौऱ्यातच पदार्पण केलेल्या दत्तू फडकरने तिथेच 123 केल्या. ज्यांना जमले त्यांना जमले. मालिका 4-0 अशी गेली. पुढच्या हिवाळ्यात वेस्ट इंडीज आले, तेव्हा निवड समितीला रांगणेकरांची आठवण झाली नाही.

पण गडी संपला नव्हता. इंदूरच्या होळकर संघाकडून ते पुढेही खेळत राहिले. यशवंतराव होळकरांच्या आश्रयाने आणि सी. के. नायडूंच्या धाकाने चाललेला तो संघ रणजी चार वेळा जिंकला. सरवटे, निंबाळकर, जगदाळे अशी मराठी नावे त्यात खच्चून भरलेली. मला वाटते, रांगणेकरांचा खरा पिंड त्याच क्रिकेटचा होता: दिवसदिवस चालणारे, भरपूर धावांचे.

ठाण्याशी नाते असलेला त्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातला आणखी एक गडी होता, रंगा सोहोनी. 1946मध्ये मँचेस्टरला शेवटच्या जोडीने हिंडलेकरांसोबत तेरा मिनिटे किल्ला लढवून त्यांनी कसोटी वाचवली होती, आणि 1953-54मध्ये कर्णधार म्हणून मुंबईला रणजी जिंकून दिली. त्यांच्याही नावावर कसोट्या फक्त चार. 11 ऑक्टोबर 1984ला रांगणेकर ठाण्यात वारले, आणि 1993च्या मे महिन्यात सोहोनीही, ठाण्यातच.